माशांसाठी शिळं पाणी

३ फेब्रुवारी, सोमवार

बोलकीबाईनं आज मला एक वही दिली. तिच्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे. अर्धांगाच्या झटक्यानं वाचा गेलेल्या माणसांना ती पुन्हा बोलायला शिकवते, म्हणून मी तिला बोलकीबाई म्हणते. वहीत तिनं पट्टीनं रकाने आखलेत. तारीख, काय बोलले, काय केलं, मदत लागली का. रोज भरायचं. मी म्हटलं, बाई, 'काय बोलले' हा रकाना तुम्ही आताच शेवटपर्यंत भरून टाका. गेले सात आठवडे हे एकच शब्द बोलतात. "बरोबर." चहा हवा का, बरोबर. लघवीला जायचंय का, बरोबर. डॉक्टरनं तपासायला विचारलं, तुम्ही बाई आहात का, तर तेही बरोबर. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं माझं एक म्हणणं बरोबर म्हणून मान्य केलं नाही, आणि आता दिवसातून शंभर वेळा.

तिची वही मी भरीन. पण मला जे लिहायचंय ते रकान्यात मावत नाही, म्हणून ही दुसरी. यांच्या कामावरची आहे, निवृत्तीच्या वर्षी कोरी राहिलेली. मी चौथी पास. पाचवीत जायच्या वेळी घरात पाळणा हलला आणि तो हलवायला मी घरी राहिले. त्यामुळे अक्षर असंच, कोंबडीच्या पायाचं. कुणी वाचायला येणार नाही.

डिसेंबरात दाढी करता करता यांच्या हातातला ब्रश पडला आणि मागोमाग हे पडले. उजवा हात गेला. उजवा पाय ओढत, चार पायांची काठी धरून, पलंगापासून खुर्चीपर्यंत चालतात. मुलगा आठ तासांच्या प्रवासावर राहतो. त्याच्या शहरात एक शुश्रूषा केंद्र आहे. त्याचं म्हणणं, बाबांना तिथं ठेवू, तू माझ्याकडे राहा. एक मार्चला येऊन तो काय ते ठरवणार. तोवर बोलकीबाई तपासून कागद देणार, यांना समजतं की नाही याचा. समजत असेल तर घरी ठेवून शिकवण्यात अर्थ आहे. नसेल तर यांना घर काय आणि केंद्र काय, सारखंच.

खरं लिहायचं तर मलाही जावंसं वाटतं. सून वाईट नाही आणि तिच्याकडे नळ फिरवला की गरम पाणी येतं. मी दमले आहे. हे रकान्यात कुठं लिहू?

६ फेब्रुवारी, गुरुवार

मुलानं स्वतः यायचं सोडून मासे पाठवले.

दुकानातला मासेवाला काचेची टाकी, वाळू, हवा सोडायचं गुरगुरणारं यंत्र आणि सहा मासे घेऊन आला. चार नारिंगी, दोन काळे. पाणीसुद्धा त्यानं स्वतःचं आणलं होतं, दोन मोठे डबे भरून. मुलाचं म्हणणं, बाबांच्या डोळ्यांसमोर काही तरी हलतं असू दे. मी दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोर हलत असते, ते बहुतेक मोजत नाहीत.

मासेवाला घाईत होता. आठवड्यातून एकदा चौथाई पाणी बदला म्हणाला, आणि नळाचं पाणी तसंच ओतू नका, चोवीस तास बादलीत ठेवून शिळं करा. ताजं पाणी माशांना सोसत नाही. मी आयुष्यभर कालचं पाणी आज झाडांना घातलं आणि माणसांना ताजं भरलं. आता माशांसाठी मुद्दाम शिळं करायचं. बरं. पीठ भिजवून ठेवतो तसं पाणी ठेवायचं, त्यात काय शिकायचंय.

टाकी खिडकीपाशी ठेवली, यांच्या खुर्चीसमोर. हे बघत बसले. एक जाड नारिंगी मासा सगळ्यांना धक्के मारत फिरतो, त्याचं नाव मी मुकादम ठेवलं.

९ फेब्रुवारी, रविवार

तीन दिवसांत पाणी गढूळ झालं. आठवडाभर थांबा म्हणे. स्वतःच्या आंघोळीच्या पाण्यात आठवडा काढून बघ म्हणावं. मी कालच बादली भरून ठेवली होती. वर थाळी, थाळीवर ओलं फडकं, फडक्याला दोरी. पाणी उघडं ठेवायची सवय माझ्या हाताला नाही. उघड्या पाण्यात काय काय पडतं ते मी सांगायला नको.

आज फडकं सोडलं तेव्हा नळाचा वास भपकन नाकात आला, जसा काल होता तसाच. जीव निवला. हे छत्तीस वर्षं गावाच्या पाणी शुद्ध करायच्या केंद्रावर होते. पाण्यात औषध सोडायचं आणि नळाला किती उतरलं ते तपासायचं, हे यांचं काम. यांच्या शर्टाला तोच वास यायचा. वास आहे म्हणजे पाणी निर्धोक, हे मला या घरात आल्यापासून ठाऊक आहे.

चौथाईनं काय होणार, मी निम्मं पाणी बदललं. टाकी लख्ख झाली. संध्याकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. भूक असेल म्हणून चिमूटभर जास्त घातलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मुकादम मेला. सकाळी आडवा तरंगत होता. दुसरा एक नारिंगी कोपऱ्यात तिरका पडलाय. पाण्यातच घाण असणार, म्हणून पुन्हा निम्मं बदललं, चांगलं दीड दिवसाचं शिळं.

हे बघत होते. मी मुकादमाला वाटीनं काढला तर म्हणाले बरोबर. मी म्हटलं, काय बरोबर, मासा मेलाय. पुन्हा बरोबर. डोळे मात्र टाकीवर नव्हते, बादलीवर होते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तिरका पडलेलाही गेला. चार उरले.

यांना नवीन खोड लागलीय. बादली मी खुर्चीशेजारीच मगामगानं भरून ठेवते, नाही तर न्हाणीघरातून उचलून आणताना कंबर मोडते. आज बघते तर फडकं निघालेलं आणि थाळी जमिनीवर. मी झाकलं. चहा घेऊन आले तर पुन्हा थाळी खाली. भूक लागली म्हणून थाळी मागतात असं वाटलं, म्हणून जेवण लवकर वाढलं. जेवले नाहीत. डाव्या हातानं माझा हात धरून बादलीकडे ओढत होते. मी म्हटलं, आता या वयात बादलीशी खेळायचंय का.

दुपारी शेजारीण आली. पलंगापाशीच खुर्च्या टाकून तासभर बोललो. बऱ्याच दिवसांनी मन मोकळं झालं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज थाळीवर जुनी लोखंडी इस्त्री ठेवली. यांनी काठी घालून ती पाडली. फरशीचा टवका उडाला, बादली अर्धी सांडली आणि चार पायांची काठी बाजूला गेल्यामुळे हे पडता पडता राहिले. मी खूप बोलले. इतकं की शेवटी मलाच खोकला आला. हे डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर ठक ठक करत राहिले, अर्धा तास.

थाळी आता दोरीनं बादलीच्या कडीला बांधलीय. चार गाठी. एका हातानं सुटणार नाहीत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बोलकीबाईला वही दाखवली. 'काय केलं' या रकान्यात मी लिहिलं होतं: वस्तू पाडतात, पाणी सांडतात, समजावलं तर ऐकत नाहीत. तिनं ते दोनदा वाचलं आणि स्वतःच्या कागदावर उतरवून घेतलं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मोठ्या आवाजावर लावला, कारण मी तेव्हा यांना भरवत होते. सगळं सांगितलं. तो म्हणाला, आता वस्तू फेकायला लागले असतील तर तू एकटी घरी नाही सांभाळू शकणार, आई. मी केंद्रात खोली धरून ठेवतो. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. यांनी घास तोंडातून बाहेर काढला.

एक काळा मासा गेला. तीन.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मासेवाल्याला बोलावून घेतलं. त्यानं टाकीत हात घातला, बोट चाटलं (मी बघितलं नाही असं दाखवलं), वाळू उकरली. साबण लावलात का? नाही. पाणी शिळं करता? करते. किती तास? म्हटलं, चोवीस, कधी छत्तीस, तू सांगितलंस त्याहून जास्त. तो डोकं खाजवायला लागला. मग म्हणाला, खायला जास्त घालत असाल. मी म्हटलं, माझ्या घरी जास्त खाऊन अजून कुणी मेलं नाही.

मग त्यानं एक छोटी बाटली काढली. बादलीला दोन थेंब, नळातल्या औषधावर उतारा आहे म्हणाला. तेव्हा मात्र मी त्याला दारापर्यंत पोचवलं. या घरातला माणूस छत्तीस वर्षं ते औषध सोडत होता, अख्खं गाव ते पाणी पिऊन वाढलं, तू स्वतः वाढलास, आणि त्यावर उतारा? बाटली तो कपाटावर ठेवून गेला. मी ती हातात घेतली नाही.

हे सगळं होत असताना हे बरोबर बरोबर म्हणत होते, मोठ्यानं, ओरडल्यासारखं. मासेवाला घाबरून लवकर निघाला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बोलकीबाईनं आज नीट परीक्षा घेतली. चित्रं मांडली, किल्ली कुठली दाखवा. यांनी कप दाखवला. नंतर किल्ली दाखवली, पण तेव्हा ती कप विचारत होती. मग प्रश्न: तुम्ही आत्ता जेवताय का? बरोबर. बाहेर रात्र आहे का? बरोबर. खिडकीतून ऊन यांच्या गुडघ्यावर पडलं होतं.

जाताना दारात तिनं माझा हात धरला. चांगली मुलगी आहे, तोंडदेखलं बोलत नाही. म्हणाली, आजी, मी दिसतं तेवढंच लिहू शकते. मी म्हटलं, लिहा, मी काही रागावत नाही.

नंतर कपाटातून यांचे शर्ट काढून बघितले. केंद्रात किती न्यायचे? तिथं कपड्यांवर म्हणे नंबर घालतात. पाच शर्ट बाजूला काढले. मग वाटलं चारही पुरतील. मग सगळे परत ठेवले.

आज एक नारिंगी मासा गेला. दोनच राहिलेत, एक नारिंगी आणि एक काळा, फुगीर डोळ्यांचा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहिते, घाई करायची नाही.

गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आले तर खोलीत पाणी पडल्याचा आवाज. थांबायचा, पुन्हा यायचा. आत गेले तर दोरीच्या चार गाठी सुटून पडलेल्या. कशा सोडल्या देव जाणे. दोरीवर एका जागी दातांचे व्रण होते. यांच्या डाव्या हातात मग होता. मगानं बादलीतलं पाणी घ्यायचं, हात खांद्याच्या वर न्यायचा आणि उंचावरून बादलीतच ओतायचं. पुन्हा घ्यायचं, पुन्हा ओतायचं. फरशीवर तळं झालं होतं.

मी तोंड उघडलं होतं. पण कपड्यांच्या पिळानं पाठ इतकी भरून आली होती की आधी पलंगावर बसले. बसल्यामुळे बघितलं. नाही तर बघितलं नसतं.

भ्रमिष्ट माणूस असं करत नाही. हे दहा वेळा ओतायचे, मग थांबायचे. मग नाकाशी न्यायचे. वास घ्यायचे. पुन्हा दहा वेळा. घाई नाही, चिडचिड नाही. कामावर असल्यासारखे.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी हे मला यांचं पाण्याचं केंद्र दाखवायला घेऊन गेले होते. तिथं पाणी एका लांबरुंद जिन्यावरून खाली पडत होतं. मी विचारलं, पाण्याला जिना कशाला? झालं. अर्धा तास यांनी मला उन्हात उभं करून सांगितलं. माझी नवी चप्पल चावत होती, मी हं हं करत होते. त्यातलं आज एवढंच आठवलं: पाण्याला वारा लागला पाहिजे, म्हणजे त्यातला वास उडून जातो.

आणि माझ्या बादलीवर थाळी, फडकं, इस्त्री आणि चार गाठी. माशांना न सोसणारं औषध मी आतच कोंडून ठेवत होते.

मी विचारलं, "अहो, उघडं ठेवायचं होतं का?"

"बरोबर."

त्याला काय अर्थ? मी उलटं विचारलं, झाकून ठेवायचं का? तरी बरोबर. आणि ते म्हटल्याबरोबर यांनी मग खाली टाकला आणि डाव्या हातानं स्वतःच्याच तोंडावर मारून घेतलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. मी हात धरला.

तोंड एक बोलतं आणि माणूस दुसरं. इतके दिवस आम्ही तोंडालाच विचारत होतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

मी कुणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही, माझ्या स्वतःच्याही नाही. म्हणून काल संध्याकाळी दोन सारख्या बादल्या भरल्या. एक उघडी ठेवली, एक झाकली. आज संध्याकाळी तिसरी ताजी भरली. झाकलेलीचं झाकण काढलं, स्वयंपाकघरात जाऊन बादल्यांच्या जागा बदलल्या आणि ओढत यांच्यासमोर आणल्या. जत्रेत वाट्यांखाली गोटी लपवणारा असतो ना, तशी मी.

म्हटलं, आता बोलू नका. एक शब्द बोलायचा नाही. माशांना कुठली?

यांनी तिन्हींत मग बुडवून वास घेतला आणि मग एका बादलीच्या कडीवर हात ठेवला. उघडी होती ती.

लागला असेल नेम. पुन्हा आत नेल्या, पुन्हा बदलल्या. पुन्हा तीच. तिसऱ्यांदा नेल्या तेव्हा माझी कंबर बोलायला लागली होती. या वेळी यांनी हात ठेवला तो काढेचनात. कडी धरून माझ्याकडे बघितलं. ती नजर मला चांगली माहीत आहे. मी एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली की हे असंच बघायचे, आणि आमचं भांडण व्हायचं.

ते पाणी टाकीत घातलं. चौथाईच. दोन्ही मासे खालीच राहिले, तोंड वर काढलं नाही.

मासेवाल्यानं विचारलं नाही, कारण माशांची माणसं बादली झाकत नसतील. मी सांगितलं नाही, कारण ते काय सांगायचं असतं?

२४ फेब्रुवारी, सोमवार

बोलकीबाई आज सुट्टीवर. बरं झालं, मला तोंड दाखवायचं नव्हतं.

सकाळी यांना भरवताना एकदम ध्यानात आलं आणि चमचा हातातच राहिला. यांना समजतं. म्हणजे पहिल्यापासून समजतं.

मग आठवत बसले, या खोलीत काय काय बोलले. शेजारणीला सांगितलं, आता माणूस कसला, नुसतं खोकं उरलंय. सांगितलं, तिथल्या तिथं सुटले असते तर त्यांचंही भलं झालं असतं आणि माझंही. हे पलंगावर होते, माझ्या कोपरापासून हातभर. सांगितलं, माझ्या जागी हे असते तर यांनी मला दोन आठवडेही सांभाळलं नसतं. मुलाचा फोन मोठ्या आवाजावर. केंद्रातली खोली. कपड्यांवरचे नंबर.

हे सगळं ऐकून हा माणूस दातांनी गाठी सोडत होता. कशासाठी, तर माझ्या हातून मासे मरू नयेत म्हणून.

माफी मागायला गेले. तोंडातून निघालं, पोळीला तूप लावू का? नको म्हणायला यांच्याकडे शब्द नाही. पण ताट सरकवलं नाही, तेव्हा लावलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बोलकीबाईला सगळं सांगितलं. तिनं मला तीनदा सांगायला लावलं आणि कागदावर बादल्यांची चित्रं काढली. म्हणाली, कधी कधी एक शब्द जिभेला चिकटतो आणि प्रत्येक वेळी तोच बाहेर पडतो. मनात दुसराच असतो. चित्रांचंही तसंच, एका ठिकाणी गेलेला हात तिथंच घोटाळतो. हे तिला माहीत होतं, पण यांच्यात समज दिसली नाही म्हणून तिचं लक्ष तिकडं गेलं नाही. हे सांगताना ती लाल झाली. आवडली मला.

शनिवारी मुलगा असेल तेव्हा ती येणार. दोघांसमोर दाखवा म्हणाली.

१ मार्च, शनिवार

मुलगा सकाळी आला. यांच्या पाया पडला आणि मग दिवसभर माझ्याशीच बोलला.

दुपारी बोलकीबाई आली. मी तीन बादल्या मांडल्या, दोन कालच्या, एक ताजी. यांना खुर्चीवर नीट बसवलं, हातात मग दिला. म्हटलं, दाखवा.

यांनी मग मांडीवर ठेवला. बोलकीबाईनं गोड आवाजात विचारलं, कुठलं पाणी माशांना चालेल? बरोबर, म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मी बादल्या जवळ सरकवल्या. हात हलेना. मी दटावलं. तरी नाही. मुलानं डोळे मिटले आणि कपाळ चोळलं. म्हणाला, राहू दे आई, तुला वाटलं असेल.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठवडाभर मी या माणसाच्या वतीनं वकिली केली आणि ऐन वेळी हे खिडकीबाहेर बघतात. मग यांचा चेहरा बघितला, आणि माझा राग माझ्यावरच उलटला. छत्तीस वर्षं गावाचं पाणी यांनी तपासलं. आता आम्ही तिघं समोर बसून यांना तपासत होतो, अस्वलासारखं नाचवून. मीही नाचले नसते.

मुलगा मला हलक्या आवाजात सांगायला लागला, केंद्रात बाबांना वेगळी खोली आहे, उजेड चांगला आहे, पुढच्या शुक्रवारी गाडी करू.

मी म्हटलं, "मला सांगू नकोस. त्यांना सांग."

तो म्हणाला, आई, काय उपयोग?

"उपयोग नसेल तर सांगायला काय जातंय? खुर्ची ओढ, समोर बस, आणि तोंडाकडे बघून सांग. त्यांचं घर आहे."

तो बसला. गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. आधी माझ्याकडे बघितलं, बोलकीबाईकडे बघितलं, मग दुसरं काही बघायला उरलं नाही.

"बाबा," तो म्हणाला. "आम्ही तुम्हाला... तिथं चांगली माणसं आहेत. आईला आता होत नाही. तुम्हाला तिकडे न्यायचं म्हणतोय."

"बरोबर," हे म्हणाले. "बरोबर. बरोबर."

आणि डाव्या हातानं खुर्चीचा दांडा धरला. नखं पांढरी पडली. मान हलत होती, इकडून तिकडे, इकडून तिकडे, नाही, नाही, आणि तोंड म्हणत होतं बरोबर. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण तो दांड्यावर होता.

मुलानं यांच्या हातावर हात ठेवला, तर यांनी आणखी घट्ट धरलं. यांना वाटलं असेल, तो हात सोडवतोय. तो म्हणाला, नाही बाबा, नाही नेत. हे त्याला चार वेळा म्हणावं लागलं, तेव्हा बोटं सैल झाली.

बोलकीबाईनं पिशवीतून तिचा कागद काढला, मधल्या तीन ओळींवर काट मारली आणि बाजूला बारीक अक्षरात लिहीत बसली. बराच वेळ लिहीत होती.

२ मार्च, रविवार

मुलगा परत गेला. जायच्या आधी न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा बसवून गेला, स्वतः भोकं पाडली, एक वाकडं पडलं. दर महिन्याला येईन म्हणाला. बघू. यांना सांगून गेला, मला नंतर.

गरम पाण्याचा नळ तेवढा राहिला माझा. मन थोडं खट्टू आहे, उगाच नाही कशाला म्हणू.

८ मार्च, शनिवार

बोलकीबाई आता आठवड्यात तीनदा येते. प्रश्न विचारत नाही. दोन वस्तू समोर ठेवते आणि थांबते. थांबणं हेच मोठं काम आहे. काल मी यांच्या समोर दोन भाज्या धरून थांबले, तोवर गॅसवरचं दूध उतू गेलं. शेजारीण आली की आम्ही स्वयंपाकघरात बसतो, किंवा खोलीत बसलो तर जे बोलायचं ते यांच्या देखत बोलण्यासारखं असतं. त्यामुळे तिचं येणं जरा कमी झालंय.

आज दुपारी यांनी टाकी खिडकीपासून हलवायचा धोशा लावला. उन्हामुळे काचेवर हिरवं धरतं, हे मला काठीनं काचेवर टोचून दाखवत होते. मी म्हटलं, उजेड आहे म्हणून मासे दिसतात, दारापाशी अंधार आहे, तिथं मला धडपडायला होईल. यांनी काठी आपटली. मी म्हटलं, आपटा, फरशीचा एक टवका उडालाय, दुसरा उडवा. पुन्हा आपटली. मग मी जे सुरू केलं ते टाकीवरून चपलेवर आणि चपलेवरून चव्वेचाळीस वर्षांवर गेलं. यांचंही बरोबर बरोबर चढत्या आवाजात चाललं होतं. माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

शेजारीण दार ठोठावत आली. घाबरली होती. कुणावर ओरडतेयस म्हणाली.

मी म्हटलं, नवऱ्याशी भांडतेय, नंतर ये.

टाकी आता दारापाशी आहे. मला तिथं मुळीच आवडत नाही.